वरच्या खोलीतली चेची आणि माझं इंग्रजी

बी.एस्सी. झाल्यावर मी पहिली मुलाखत दिली ती जालन्याबाहेरच्या एका बियाणे कंपनीत. प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासायचं काम होतं आणि ते मला चांगलं येत होतं. इंग्रजीचीही भीती वाटायचं कारण नव्हतं. बारावीला वर्गात इंग्रजीत सगळ्यांत जास्त मार्क माझेच होते. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, असं कुणी झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी मी करून दाखवलं असतं.

मी खुर्चीत बसता बसता समोरच्या साहेबांनी हसून विचारलं, "सो, डिड यू फाइंड द प्लेस इझिली?"

मला त्यातलं फक्त 'फाइंड' ऐकू आलं. म्हणजे सापडणं. माझं काही हरवलं होतं का? मी पुन्हा उभी राहिले आणि म्हणाले, "नो सर, आय हॅव नॉट लॉस्ट एनीथिंग."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मान खाली घालून हसू आवरलं आणि मराठीत म्हणाले, "अहो, पत्ता लवकर सापडला का, एवढंच विचारत होतो." त्यानंतर त्यांनी काय विचारलं आणि मी काय बोलले, मला आठवत नाही. कान मात्र गरम झाल्याचं आठवतं. ती नोकरी मिळाली नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं तर ती साहेबांवरच चिडली. "मंग मराठीतच विचारायचं की त्यानं! पत्ता विचारायला इंग्रजी कशाला लागतं?"

आम्ही मूळचे टेंभुर्णीचे. शेती काका बघायचे. वडील तहसील कार्यालयात नोकरीला, म्हणून आम्ही जुन्या जालन्यात राहायला आलो होतो. खाली दोन खोल्या, वर एक. मुलाखत झाली त्याच उन्हाळ्यात वरची खोली भाड्यानं दिली गेली. एका खासगी दवाखान्यात नवीन नर्स आली होती, केरळची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, सडपातळ, केसांना सतत खोबरेल तेलाचा वास. तिला मराठी अजिबात येत नव्हतं. हिंदी येत होतं, पण दोन वाक्यांनंतर संपायचं. मग इंग्रजी. वडिलांना ऑफिसातलं इंग्रजी लिहिता यायचं, बोलता नाही. आईचा प्रश्नच नव्हता. म्हणून भाडेकरणीशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

आली त्याच आठवड्यात ती सकाळी रात्रपाळी करून परतली, जिन्याच्या पायरीवर बसली, चपला काढल्या आणि डोळे मिटून म्हणाली, "आय एम डेड."

"काय म्हणून राह्यली ती?" आईनं आतून विचारलं.

"मेले म्हणते."

आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. तिनं त्या पोरीचं कपाळ चाचपलं, मला पाणी आणायला पिटाळलं. ती बिचारी गोंधळून आमच्याकडे बघत राहिली. मी अडखळत विचारलं, "यू आर डाइंग?" तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नो, नो! जस्ट टायर्ड!"

आपणही दमल्यावर 'मेले गं बाई' म्हणतोच की. पण इंग्रजीतही माणसं असं म्हणत असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, इंग्रजी बोलणारी माणसं दमली की पूर्ण वाक्यात दमतात.

त्या दिवसापासून ती संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली. आई भाकरी थापायची, मी भाजी निवडायचे, आणि ती पाटावर पाय दुमडून बसायची. मी तिला सिस्टर म्हणायचे. ते तिला आवडलं नाही. म्हणाली, दवाखान्यात दिवसभर सिस्टर सिस्टर ऐकते, घरी तरी चेची म्हण. चेची म्हणजे त्यांच्याकडे ताई.

मी पहिल्या दिवशी पुस्तकातल्यासारखी सुरुवात केली. "आय एम कटिंग व्हेजिटेबल्स. माय मदर इज मेकिंग भाकरी."

चेची म्हणाली, "ते मला दिसतंय. दिसतं ते कोण सांगतं? आज काय झालं ते सांग."

आज काय झालं? मराठीत मला दहा गोष्टी सांगता आल्या असत्या. इंग्रजीत तोंड उघडून नुसती बसून राहिले. शाळेत आम्ही वर्षानुवर्षं समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घेत आलो होतो. हा पेन आहे, ती गाय आहे. कुणालाच काही सांगायचं नसायचं.

मग हळूहळू सांगायला लागले. शेजारच्या गल्लीतल्या कापडवाल्यानं साडीचा रंग जाणार नाही म्हणून शपथ घेतली आणि पहिल्याच धुण्यात वडिलांचे बनियन गुलाबी झाले. काकू टेंभुर्णीहून येताना एसटीत बसली, तर तिच्या पिशवीतली कोंबडी सुटली. मी एक वाक्य बोलून थांबायचे. चेची म्हणायची, "ओह नो! देन?" त्या एका 'देन'मुळे पुढचं वाक्य यायचं.

एकदा तिनं काकूबद्दल विचारलं, "व्हॉट्स शी लाइक?"

"जिलबी," मी ताबडतोब म्हणाले.

चेचीनं कपाळाला हात लावला. मग समजावलं की काकूला काय आवडतं असं नाही, काकू स्वभावानं कशी आहे, असं ती विचारत होती. मी ते आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "बराबर सांगितलं की तू. जिलबीवानीच हाये ती. गोड, पन वाकडी." हे मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं आणि चेची हसून पाटावरून घसरली. माझ्या इंग्रजीवर कुणी हसण्याची ती पहिली वेळ नव्हती. पण मी सांगितलेल्या गोष्टीवर कुणी हसलं, असं पहिल्यांदाच झालं.

तिनं मला व्याकरण कधीच शिकवलं नाही. तिनं शिकवलं ते मधलं बोलणं. आपण मराठीत 'हो का', 'काय सांगता', 'अगं बाई', 'बरं मग' असं म्हणत म्हणत समोरच्याला बोलतं ठेवतो, तसलंच इंग्रजीतलं. हे कुठल्याच धड्यात नव्हतं, आणि त्यावाचून माझं सगळं इंग्रजी कोरड्या भाकरीसारखं घशात अडकत होतं.

बदल्यात आई तिला मराठी शिकवायची. ते मराठीही आमच्या घरचंच. महिन्याभरात चेची वॉर्डात जाऊन खेड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारायला लागली, "काय व्हून राह्यलं बाबा? जेवन केलं का न्हाई?" म्हातारे खूश. एका पुण्याकडच्या डॉक्टरनं तिला सांगितलं म्हणे, हे शुद्ध नाही. तिनं घरी येऊन विचारलं, शुद्ध म्हणजे काय? आई म्हणाली, "त्याला म्हन, पेशंटला कळलं का? कळलं तर शुद्ध."

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आई टेंभुर्णीला गेली होती. दुपारची वेळ. मी खाली एकटी होते. वरून काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर चेची खाटेच्या कडेला बसलेली, फोन फरशीवर पडलेला, आणि त्यातून कुणीतरी पुरुष ओरडत होता, "हॅलो? हॅलो?"

मी फोन उचलला. पलीकडे तिचा भाऊ होता. त्याला हिंदी येत नव्हतं. त्यानं घाईघाईनं विचारलं, कोण बोलतंय, ती ठीक आहे का, तिच्याजवळ कुणी आहे का. मग त्याचा आवाज फुटला. "अवर फादर इज गॉन."

"आय एम हिअर," मी म्हणाले. "आय एम विथ हर. आय वोन्ट लीव्ह हर. यू टेल मी, व्हॉट शी हॅज टू डू."

तो म्हणाला, वडील सकाळी एकाएकी गेले. अंत्यविधीसाठी तिची वाट बघतो, पण तिनं आजच निघायला हवं. मी विचारलं कधीपर्यंत थांबता येईल, कुठल्या विमानतळावर घ्यायला येणार, कोण येणार. त्यानं सांगितलं, मी पुन्हा म्हणून खात्री केली. मधेच तो रडायला लागला, तेव्हा मी म्हणाले, "टेक युअर टाइम."

मग माझ्या वडिलांना ऑफिसात फोन केला. ते गाडी घेऊनच आले. मी चेचीची बॅग भरली. शाळेत सांत्वनाचं पत्र पाठ केलेलं होतं, त्यातलं मोठं वाक्य आठवलं, पण ते तोंडातून निघेना. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, वडील कसे होते ते सांगशील?

संभाजीनगरच्या विमानतळापर्यंत ती सांगत राहिली. नारळाच्या झाडावर ते म्हातारपणीही चढायचे. रागावले की तिच्याशी न बोलता तिच्यासाठी मासे आणायचे. इंग्रजी, मल्याळम, आमचं मराठी, सगळं एकात एक. मला सगळं समजलं. पुढे बसलेले माझे वडील मागे वळून म्हणाले, "पोरी, पाणी घे थोडं." आत जाताना तिनं त्यांच्या पायाला हात लावला.

परत येताना बदनापूरच्या पुढे माझ्या लक्षात आलं की फोनवर बोलताना मी एकदाही आधी मराठीत विचार केला नव्हता. आनंद झाला नाही. फक्त लक्षात आलं.

महिन्याभरानं ती परत आली, आईसाठी केळ्याचे वेफर्स आणि माझ्यासाठी पांढरी, सोनेरी काठाची साडी घेऊन. नंतर दीड-दोन वर्षं राहिली. त्याच काळात मला दुसऱ्या एका बियाणे कंपनीत नोकरी लागली. ती मुलाखत निम्मी मराठीत झाली, निम्मी इंग्रजीत, आणि कुठली भाषा कधी बदलली ते मला कळलंही नाही. मग परदेशात नर्स म्हणून जायला लागणारी परीक्षा चेची पास झाली आणि आयर्लंडला गेली. खोली रिकामी झाल्यावर आई कितीतरी दिवस संध्याकाळी एक भाकरी जास्तच थापायची.

आता रविवारी चेचीचा फोन येतो. माझ्याशी इंग्रजीत बोलते, आईशी मराठीत. तिकडे सगळे छान आहेत, म्हणते, पण दाराशी चपला काढताना कुणी जेवलीस का विचारत नाही.

माझं आता रोज हैदराबाद, बंगळुरूच्या लोकांशी बोलणं असतं. गेल्या महिन्यात बैठक संपल्यावर एका नव्या सहकाऱ्यानं थांबवून विचारलं, "मॅडम, तुम्ही केरळच्या का? तुमच्या बोलण्यात तिकडची लय येते."

मी म्हणाले, "नाही हो, मी टेंभुर्णीची." तो चक्रावला, आणि मी त्याला चेचीची गोष्ट सांगायला चहाला घेऊन गेले.