चित्रपटात नसलेलं वाक्य

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिला आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हायला येऊन चौदा महिने झाले होते. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा तिच्याकडे एकच शब्द शिल्लक होता. ‘बरं.’ पाणी हवंय का? बरं. दुखतंय का? बरं. मी कोण आहे? बरं.

स्पीच थेरपिस्टने समजावलं होतं की आईला बरंचसं कळतं, पण हवा तो शब्द हाताशी येत नाही. कधीतरी अचानक एखादं आख्खं वाक्य तोंडून निघेल, ते मनापासूनचं असेलच असं धरून चालू नका. मी मान डोलावली. मी गाड्यांच्या सीट डिझाइन करते, ‘असेलच असं नाही’ हे उत्तर मला कामात रोज मिळतं. आईच्या बाबतीत ते फार जड जाईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

मी आणि नवरा दोघंही ऑफिसला जाणारे, मुलगी हायस्कूलमध्ये. म्हणून दिवसभरासाठी एक बाई ठेवल्या. साठीच्या, ठेंगण्या, फिलिपिन्समधल्या एका बेटावरच्या. पंचवीस वर्षं त्या अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांचं करत होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मला आते म्हणा. आमच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात.” माझ्या मुलीला वाटलं आत्या, आणि ती तसंच म्हणायला लागली. आईला त्या ‘नानाय’ म्हणत, म्हणजे आईच. मला मात्र कितीही सांगितलं तरी ‘मॅम’.

आतेंकडे एक जुना टॅबलेट होता, त्यात त्यांच्या आवडीचे सहा-सात फिलिपिनो चित्रपट. दुपारी आईच्या मेलेल्या बोटांना व्यायाम देताना समोर तो उभा करून ठेवायच्या. मी शुक्रवारी घरून काम करायचे तेव्हा वरच्या खोलीत ते संवाद ऐकू यायचे. मोठ्या आवाजातलं रडणं, दारं आपटणं, आणि प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याच्या किंचित आधी आतेंचा आवाज. नटीने तोंड उघडण्यापूर्वीच त्या ते वाक्य म्हणून टाकायच्या.

एकदा कॉफी करायला खाली गेले तर मलाही बसवून घेतलं. “हे ऐका मॅम, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.” परदेशात राबून परतलेली एक आई आपल्या वाढलेल्या मुलासमोर उभी होती. आते इंग्रजीत अर्थ सांगत होत्या: मी पाठवलेले बूट तुझ्या पायात बरोबर बसायचे, म्हणून मला वाटलं मी तुला ओळखते. दुसऱ्या एका चित्रपटात म्हातारा कोळी किनाऱ्यावर बसून म्हणतो: समुद्राने नेलेल्याची वाट बघता येते, विमानाने नेलेल्याची कुठे बसून बघायची? आते हे सांगतानाही रडल्या आणि लगेच हसल्या. “मला विनोदी पण आवडतात हं. एक मावशी आहे, ती म्हणते, रडायचंय तर आधी भात खा.”

आई पडद्याकडे बघत होती. चाळीस वर्षं कराडला शिवणाचे क्लास घेतलेली माझी आई. मराठी नाटकसुद्धा मध्यंतरापर्यंतच बघणारी. पण त्या अनोळखी भाषेतल्या रडारडीत ती पार गुंतून गेलेली होती.

आते येऊन तीनेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी मी आईला भरवत होते. तिने चमच्यावरून माझ्याकडे नजर वळवली आणि स्पष्ट म्हणाली, “हिंदी.”

माझ्या हातातला चमचा थांबला. झटक्यानंतरचा पहिला नवा शब्द!

“हिंदी? काय हिंदी, आई?”

तिने पुढेही काहीतरी म्हटलं. मो, को असं काहीतरी. मला वाटलं हिंदी मालिका हवीय. बाबा असताना रात्री जेवताना दोघं बघायची. मी धावत जाऊन टीव्हीवर हिंदी चॅनल लावला. आईने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हिंदी’, तेव्हा जुनी हिंदी गाणी लावली. तिने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. आठवडाभर हे चाललं. मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं, अगं आई बोलायला लागली, हिंदी मागते. सगळ्यांना केवढा आनंद झाला.

त्या रविवारी सकाळी मुलगी आजीचे केस विंचरत होती. आई माझ्याकडे बघून पुन्हा ते सगळं वाक्य म्हणाली. मुलीने कंगवा थांबवला.

“मॉम, दॅट्स नॉट हिंदी.”

“मग काय आहे?”

तिने फोन काढला, आजीच्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, “आजी, से इट अगेन.” आई माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, “हिंदी मो आको तिनानोंग.”

मुलीने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हिंदी मीन्स नॉट. इन टॅगालॉग, आत्याज लँग्वेज.” मग तिने वाचून दाखवलं, “इट सेज, यू डिडन्ट आस्क मी.”

तू मला विचारलं नाहीस.

खोलीत ऊन होतं, आईच्या अर्ध्या विंचरलेल्या केसांवर पडलेलं. मी उठून सिंकपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

काय विचारलं नव्हतं ते मला सांगायला कोणी नको होतं. बाबा गेले तेव्हा मला तीन आठवड्यांची रजा मिळाली होती. आईचे इमिग्रेशनचे कागद आधीच आलेले होते, दोघांसाठी केलेला अर्ज होता. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांसमोर मी सांगितलं, आईला घेऊन जातेय. सगळे म्हणाले, नशीबवान आहात काकू. आई म्हणाली, बरं. मग मी कपाटं आवरली, भांडी वाटली, घराची किल्ली चुलतभावाकडे दिली. शिवणाचं मशिन आईच्या एका जुन्या विद्यार्थिनीला देऊन टाकलं. तिने दोन माणसं आणून ते उचललं, तेव्हा आई दारात उभी होती. मशिन जिन्यावरून उतरेपर्यंत बघत होती. मी म्हणाले, तिकडे काय करायचंय त्याचं? तेव्हाही ती ‘बरं’च म्हणाली होती.

सोमवारी आते आल्याबरोबर मी विचारलं, हे वाक्य कुठल्या चित्रपटातलं?

त्यांचा कोट अजून अंगातच होता. बटणं काढता काढता म्हणाल्या, “तो कोळ्याचा, मॅम. शेवटी मुलगा आईला शहरात न्यायला येतो ना, तेव्हा ती म्हणते.”

मला जरा हायसं वाटलं. म्हणजे ऐकून ऐकून पाठ झालेलं. पण त्या दिवसापासून मी आईला सगळं विचारायला लागले. खिडकी उघडू? हिरवा गाऊन की निळा? आज आंघोळ की उद्या? प्रत्येकाला ‘बरं’. आणि दिवसातून एकदा, बहुतेक मी पाठ फिरवून जायला निघाले की, मागून ते वाक्य यायचं. त्यात राग नसायचा. एखाद्या विद्यार्थिनीची उसवलेली शिवण दाखवावी तसं ती नुसतं दाखवायची. ऑफिसात मीटिंग चालू असताना मला ते ऐकू यायचं. गाडी चालवताना मागच्या सीटवरून ऐकू यायचं आणि मी आरशात बघायचे.

एका शुक्रवारी मी आतेंकडून टॅबलेट मागून घेतला आणि शनिवारी तो कोळ्याचा चित्रपट सबटायटल लावून पहिल्यापासून बघितला. मुलगा आईला न्यायला येतो हे खरं. पण त्यातली आई एक शब्दही बोलत नाही. जाळं गुंडाळते आणि होडीत ठेवते. मग रविवार संपेपर्यंत मी उरलेले चित्रपटही बघितले. ते वाक्य कशातच नव्हतं.

सोमवारी आते स्वयंपाकघरात भात लावत होत्या. मी टॅबलेट ओट्यावर ठेवला.

“आते, मी सगळे बघितले. ते वाक्य नाहीये कुठेच.”

त्यांनी कुकरचं झाकण लावलं, हात पुसले.

“ते माझ्या मुलीचं आहे,” त्या म्हणाल्या.

मुलगी सात वर्षांची असताना तिला आपल्या आईकडे ठेवून त्या इथे आल्या होत्या. आता ती बत्तीस वर्षांची होती, फोन घेत नव्हती. शेवटचा फोन घेतला तेव्हा एवढंच म्हणाली होती: जाताना तू मला विचारलं नाहीस.

“दुपारी चित्रपट संपला की मी नानायशी बोलायचे,” आते म्हणाल्या. “तिला भाषा कळत नाही म्हणूनच बोलायचे. आधी मुलीच्या आवाजात ते म्हणायचं आणि मग मी उत्तर द्यायचं. रोज वेगळं उत्तर. चित्रपटातल्यासारखं एखादं चांगलं वाक्य मिळेल म्हणून. तुम्हाला सांगायची लाज वाटली, मॅम.”

मी खुर्चीवर बसले. म्हणजे ते आईचं नव्हतंच, दुसऱ्या कुणाचं दुःख कानावर पडून तिच्या तोंडात राहिलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी म्हणाले, “तुम्हाला तरी ती किती वेळा ऐकवत असेल.”

आतेंनी मान हलवली. “मला? कधीच नाही. मॅम, नानाय ते फक्त तुम्हालाच म्हणते.”

आत आई खाटेवर टेकून बसली होती. मी तिच्याजवळ गेले, विचारलं, “आई, परत कराडला जायचंय?”

“बरं,” आई म्हणाली.

ते हो होतं की नाही हे मला ओळखता येईना. आयुष्यभर तिचं ‘बरं’ ऐकत आले होते आणि प्रत्येक वेळी मला सोयीचा तो अर्थ घेतला होता. मागे आते आल्या होत्या. मी त्यांना म्हणाले, तुमच्या भाषेत कसं विचारायचं ते सांगा. त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं, मी अडखळत म्हटलं, “गुस्तो मो बांग उमुवी?” तुला घरी जायचंय का?

आईने माझ्याकडे एकटक बघितलं. आणि हसली. ओठांची डावी बाजू वर गेली, खांदा हलला, घशातून आवाज आला. माझा उच्चार चुकला म्हणून, की एवढ्या उशिरा विचारलं म्हणून, कोण जाणे. हसणं थांबल्यावर तिने डोळे मिटले. त्यानंतर ते वाक्य ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली नाही. मार्चमध्ये न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत आई गेली. फ्युनरल होममध्ये आते दुसऱ्या रांगेत माझ्या मुलीचा हात धरून बसल्या होत्या. वसंतात त्या काम सोडून आपल्या बेटावर परत गेल्या.

मी अजून शुक्रवारी घरून काम करते. दुपारी खालून कोणीतरी बोलतंय असं वाटतं आणि मी हेडफोन काढते. शब्द लागत नाहीत. वाक्य संपताना चढलेला स्वर तेवढा कळतो, प्रश्न विचारल्यासारखा. जिना उतरून गेलं की फ्रिजची घरघर असते. नवरा म्हणतो, आईंच्या खोलीत पुस्तकं ठेवू या. मी अजून काही ठेवलेलं नाही.

मागच्या महिन्यात आतेंचा फोन आला. त्या मुलीकडेच राहतात. मुलगी दार उघडते, जेवायला वाढते, बोलत नाही. रोज संध्याकाळी दोघी टीव्हीसमोर बसतात.

“तुम्ही काही म्हणालात तिला?” मी विचारलं.

“जाहिराती लागल्या की मी बोलते. थोडं थोडं.”

“मग?”

“ती टीव्हीचा आवाज वाढवते,” आते म्हणाल्या. “पण उठून जात नाही.”