शामरावाजवळचं स्टूल

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आईची शपथ. आई असती तर ही शपथ घेऊ दिली नसती, कारण एक गोष्ट मी रचलेली आहे. कोणती ते शेवटी सांगतो. आमच्या वर्ध्याच्या जिनिंगात कापसाचे तंतू आढ्याला लोंबत राहायचे, कोणी झाडत नसे. शामरावाच्या आजारपणाचे किस्से माझ्या डोक्यात तसेच लोंबत राहिलेत.

स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. शामराव जिनिंगातलं इंजिन चालवायचा, मी फिटर. जेवणाच्या सुट्टीत मी थापा मारायच्या आणि त्याने हसायचं, असा आमचा वीस वर्षांचा रिवाज. मग नागपूरला त्याच्या छातीचा फोटो काढला. फुप्फुसाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला.

"बरा होत नाई म्हणते डॉक्टर," शामराव म्हणाला, "पण थोडं सुखानं राहता येते म्हणते."

* * *

सुख द्यायला सगळे धावले. आडवा झाला की त्याला दम लागायचा, म्हणून प्रत्येकाने उशी आणली. जिनिंगची माणसं आम्ही, उशी म्हणजे अब्रूचा प्रश्न. नऊ उशा झाल्या, सगळ्यांत ताज्या रुईची माझी. तिची धूळ अशी उडाली की शामराव खोकून खोकून निळा पडला.

काट्यावर कापूस तोलणारा डोमाजी रिकाम्या हाताने आला होता. हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलतो. त्याने उशा बाहेर नेल्या, शामरावापुढे एक पेटी ठेवली, वर घोंगडी घातली. शामराव पुढे वाकून तिच्यावर टेकला आणि बसल्या बसल्या झोपला.

"हे कुठं शिकला रे?"

"आमच्या बुढ्याले दमा होता."

वर्षातलं एक वाक्य संपलं. माझा हेवा तिथून सुरू.

* * *

डॉक्टरांनी दुखण्यावर कडू औषध दिलं होतं. किती दुखतं विचारलं की शामराव मला सांगायचा, "मस्त आहे." डोमाजीने डॉक्टरांना सांगितलं की पाठ ठणकते, हा दात खाऊन बसतो. औषध वाढलं, चेहरा उतरलेला होता तो जरा मोकळा झाला.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी शामरावाला विचारलं.

"तू त्याची गोष्ट करशील."

* * *

केळझरच्या गणपतीच्या यात्रेत माझा बैल एकवीस मोदक खाऊन माणसासारखा ढेकर देतो, ही थाप मी त्याला सांगितली. तो हसला. हसू खोकल्यात गेलं, खोकला दमात, आणि त्याची बायको, सखूवहिनी, पाऊण तास वारा घालत बसल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "यायचं तर मुकं बसा."

मी दोन दिवस मुका बसलो. माझं मुकं तोंड पाहून शामरावाला पुन्हा हसू आलं. मग माझं जाणंच बंद झालं आणि मी बसायचो ते शामरावाजवळचं स्टूल डोमाजीला मिळालं. थापा आता मी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना मारायचो, डोमाजी लांब बसून भाकर चावायचा.

* * *

जिद्दीने मी पट्ट्यावर फिरणारा पंखा केला नि पाठवला. चौथ्या दिवशी सखूवहिनी तो परत घेऊन आल्या.

"वारा चांगला लागते," वहिनी म्हणाल्या, "पण आवाज इंजिनासारखा होते. हे तेल द्याले उठून राह्यले."

तिकडे डोमाजी ताडाच्या पंख्याने शामरावाच्या तोंडावर वारा घालत होता.

* * *

एका संध्याकाळी मी ताक घेऊन दाराशी गेलो. आत डोमाजी बोलत होता. वर्षाचीच नव्हे, पाच वर्षांची वाक्यं एका दमात.

"बैलानं मोदक खाल्ले. एकवीस. मंग ढेकर दिला. संपलं."

माझी थाप. इतकी भिकार सांगितलेली की कुत्रंही हसलं नसतं.

"हं," शामराव म्हणाला. खोकला नाही, दम नाही. "आजची कोणती सांगितली त्यानं?"

मी ताक उंबऱ्यावर ठेवलं आणि परत आलो.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मी डबा डोमाजीशेजारी उघडू लागलो. कळलं असं दाखवलं नाही. रोज नवी थाप, घासूनपुसून. तो भाकर चावत ऐकायचा.

"बैलाचं नाव काय?"

"तुले काय करायचं?"

"कोणी विचारलं तर?"

* * *

शामरावाला स्मशानात पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोमाजी डबा घेऊन शेजारी बसला. मी भाकर मोडत होतो.

"सांग," तो म्हणाला.

"कोणाले?"

"मले."

मी सांगितली. ऐकून डोमाजी खदखदून हसला.

रचलेलं एवढंच. तो हसला नाही.