चाचांचा साबण

चाचांच्या गॅरेजात लाल साबणाची वडी कायम असायची, पण तिनं हात धुवायची हिंमत कोणी करत नसे. हातांना रॉकेल आणि लाकडाचा भुसा. साबण गाडीसाठी. मोटारसायकलच्या कार्बोरेटरखाली पेट्रोल साठवणारी एक छोटी वाटी असते. तिच्या काठावरची चकती, म्हणजे गॅस्केट, खराब झाली की पेट्रोल थेंबाथेंबानं रस्त्यावर. चाचा कोऱ्या जाड कागदाचं नवं गॅस्केट कापत, त्याला दोन्ही बाजूंनी सुका साबण घासत आणि वाटी बसवत. "पान्यात घुलतो, पेट्रोलात नाय घुलत," एवढंच त्यांचं शास्त्र. रोशनगेटच्या अलीकडच्या त्या पत्र्याच्या टपरीतून गळती घेऊन परत गेलेली गाडी मी पाहिली नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्याच मूर्खपणामुळे. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, गॅस्केट सुटं येत नाही, अख्खा कार्बोरेटर घ्या. बोटाएवढ्या चकतीसाठी अख्खा कार्बोरेटर! याला व्यापार म्हणत नाहीत, दरोडा म्हणतात. मी तिथंच भाषण ठोकलं, वॉचमननं दंड धरून बाहेर काढलं. मग त्या रागात सुकून रबर होणाऱ्या सिलिकॉनची ट्यूब आणून वाटीच्या काठाला भरभरून फासली. तिसऱ्या दिवशी गाडी बंद. वडिलांची जुनी गाडी ढकलत चाचांकडं नेली. त्यांनी वाटी उघडली आणि पेट्रोलमध्ये फुगून सुटलेला रबराचा लांबलचक धागा टाचणीनं वर उचलला.

"क्या लीडर, गाडीला शेवया खाऊ घातल्या?"

तेव्हापासून मी लीडर. गेलो की विचारायचे, "आज कोनाचा मुर्दाबाद?"

गळती कुठून आहे हे ते कधी अंदाजानं सांगत नसत. वाटी बाहेरून कोरडी पुसायची, तिच्यावर खडूची पूड फुंकायची आणि उकिडवं बसून पाहायचं. पेट्रोल पाझरलं की पांढऱ्या पुडीवर आधी एक काळपट ठिपका उमटतो. पाच मिनिटं लागोत की पंधरा, चाचा हलत नसत. मी कुरकुरलो की म्हणत, "वरडू नको. ती स्वतःच सांगती." सभेत दोन मिनिटं गप्प बसणं न जमणारा मी तिथं श्वास रोखून बसलेलो असे.

गॅस्केट कापायला त्यांना कात्री लागत नसे. कागद वाटीच्या काठावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकायचं. काठच कागद कापतो. टकटक थांबली की हातात बांगडीसारखी अख्खी चकती. एकदा कागद संपला म्हणून मी आमच्या संघटनेचं पत्रक पुढं केलं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि परत दिलं. "छापलेला नको. शाई पेट्रोलात उतरती, कचरा करती. कोरा आन."

मी चिडलो. त्या पत्रकात माझं अख्खं रक्त आटलं होतं.

मग तो दिवस आला. वैजापूर तालुक्यातल्या एका गावात गायरानावरच्या वस्तीला नोटिसा लागल्या होत्या. पाच वाजेपर्यंत तहसीलमध्ये हरकती दाखल झाल्या नाहीत तर घरं पडणार होती. सगळ्यांच्या हरकती माझ्या पिशवीत. दुपारी दौलताबादजवळ पेट्रोलचा वास आला. वाटी ठिबकत होती. चाचा मोबाईल बाळगत नसत. माझ्या तोंडून शोरूमवाल्याला चार शिव्या गेल्या, आणि पाचवीला मी थांबलो. चहाच्या हॉटेलातून साबणाचा सुका तुकडा मागून घेतला. मालक म्हणाला, "हात धुवायलाय का?" म्हटलं, "नाय." पत्रकांचा गठ्ठा बाजूला सारला आणि हरकतींच्या फाईलचा कोरा पुठ्ठा फाडला. पान्याच्या गोल टोकानं कडेकडेनं ठोकत गेलो. पहिली चकती फाटली. दुसरी अख्खी निघाली. तिला दोन्ही बाजूंनी साबण घासला आणि वाटी बसवली.

तहसीलच्या बाबूनं फाईल उलटसुलट केली. "पुठ्ठा कुठंय हिचा?"

"गाडीत आहे."

"मग आणा की."

"आणला तर परत जाता येणार नाही, साहेब."

त्यानं माझ्या काळ्या हातांकडं पाहिलं आणि पोचेचा शिक्का मारला. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. ती घरं आज उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी चाचांसमोर उभी केली. त्यांनी वाटी पुसली, खडू फुंकला, उकिडवे बसले. मीही बसलो. इतका वेळ ते कधीच बसले नव्हते. पूड पांढरीच राहिली. उठून त्यांनी पोत्याला हात पुसले.

"कशाचं कापलं?"

"फाईलच्या पुठ्ठ्याचं. कोरा होता."

"बैठ. चाय पी."

गिऱ्हाइकाला चहा पाजताना त्यांना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यांच्यावर एक पत्रक काढायचं माझ्या मनात होतं. म्हटलं, चाचा, ही कला लोकांना कळली पाहिजे. ते हसले. "छापशील, लोक वाचतील, घडी करून ठेवतील. हात काळे करायला कोन येनार?"

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. टपरी उचलली गेली. आता कार्बोरेटर नसलेल्याच गाड्या येतात, म्हणून चाचांच्या मुलाला दुसरं काम धरावं लागलं. त्यानं मला ती लाल वडी दिली. मधोमध चाचांच्या अंगठ्याचा खळगा आहे, त्यात माझा अंगठा सैल बसतो. घरात कोणी चुकून ती मोरीत ठेवू नये म्हणून मी ती कागदात गुंडाळून पान्यांच्या डब्यात ठेवलीय. टेबलावर आमच्या पत्रकांचे गठ्ठे पडले होते.

तरी गुंडाळायला कोरा कागद शोधून आणला.