उकड्या तांदळाची ओटी

नवससायासांवर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. पण यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन चालू असताना सासूबाईंनी अण्णा नगरच्या इस्पितळातच नवस बोलून टाकला. लेक बरा झाला की थोरल्या सुनेनं कावेरीच्या मुखाशी जाऊन आमच्या घराण्याच्या अम्मन देवीची ओटी भरायची, आणि तोवर त्या स्वतः तांदळाचा दाणा तोंडात घालणार नाहीत. चेन्नईत तांदूळ सोडला म्हणजे इडली, दोसा, पोंगल सगळंच गेलं. यजमान ठणठणीत होऊन गिंडीला कामावर जाऊ लागले, तरी मला रजा मिळेना. इकडे सासूबाई गव्हाच्या पेजेवर वाळत चालल्या. डॉक्टरांनी दटावलं, मी हातापाया पडले. "ओटी भरून ये, मग जेवतें," एवढंच उत्तर. त्यांचा मला मनापासून राग आला आणि त्या रागातच मी निघाले.

मुथुपेटच्या पुढे रस्ता संपतो. तिथून तिवरांच्या जंगलातल्या खाड्यांतून होडीनं जायचं. नावाड्यानं पाण्याकडे पाहून मान हलवली. ओहोटी लागली होती, उद्या या म्हणाला. उद्याचा धीर मला नव्हता. त्या माउलीचं मनगट किती बारीक झालंय ते मी रोज पाहत होते. मी सरळ होडीत जाऊन बसले, तेव्हा तो बिचारा हसला आणि त्यानं वल्हं उचललं.

व्हायचं तेच झालं. देऊळ समोर दिसत असताना होडी गाळात रुतली. मी पदर खोचून उतरले आणि चार पावलांत घसरले. खण आणि नारळ हातात राहिले, तांदळाची पुरचुंडी मात्र काळ्या चिखलात फुटली. गुडघाभर गाळात उभी राहून मी रडले. मग देवीला म्हटलं, माझ्या हातून झालं ते इतकं, पुढचं तुझं तू बघ.

तेवढ्यात तिवरांच्या मुळांमधून एक बाई चालत आली. कमरेला कोळंबीची टोपली, तोंडात विडा. तिनं काही न विचारता माझा दंड धरला आणि कुठे पाय टाकायचा ते दाखवत मला काठावर नेलं. जाळं फाटलं म्हणून ती आज मागं राहिली होती, नाहीतर या वेळी तिथे कोणी नसतं. हातातले खण-नारळ पाहून देवळामागच्या झोपडीतून तिनं माझ्यासाठी ओंजळभर तांदूळ आणले. पाहते तर उकडे. आमच्याकडे पूजेला कच्चाच तांदूळ लागतो, उकडा म्हणजे एकदा शिजलेला, तो देवाला चालत नाही. माझा चेहरा पाहून ती तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, आमच्याकडे हाच असतो. हिला आम्ही रोज हाच देतो." मी डोळे मिटले आणि त्याच तांदळानं ओटी भरली. रीतीप्रमाणे त्यातले मूठभर प्रसाद म्हणून परत घेतले.

वाटभर एकच धास्ती होती. न सांगितलं तर सासूबाई जेवल्या असत्या. सांगितलं तर नवस फिटला नाही म्हणून पुन्हा पेजेवर बसल्या असत्या. पण देवीला सगळं सोपवून आल्यावर खोटं बोलवेना. चेन्नईला तिरुवल्लिकेणीच्या घरात शिरताच मी सगळं सांगून टाकलं आणि मूठ त्यांच्यापुढे उघडली. त्यांनी ते जाड दाणे बोटांनी चाचपले.

"अम्मन त्यांच्यांतच राहते की," त्या म्हणाल्या. "ते जेवतात तेंच ती जेवणार. आपण कोण तिला सांगायला? कुकर लाव, पोरी. मोर आहे ना घरांत?"

मोर, म्हणजे ताक, होतं. तो मूठभर भात मी ताकात कालवून त्यांना भरवला, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. जाणं माझ्या हाती होतं, तेवढं मी हट्टानं केलं. ओटी कशानं भरायची ते देवीनं ठरवलं. हल्ली मी माझ्या परीनं पुरचुंडी नीट बांधते आणि उरलेलं तिच्यावर सोडते. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, पण ताटात भात वाढताना रोज तिला हात जोडते. सासूबाईंनी त्या दिवशी ताटली पुढे केली आणि म्हणाल्या, "अजून आहे का?"