लिंबायतचा ‘एव्हरी डे’ क्लास

मागाखाली तुटके धागे साचावेत, तसे आमच्या क्लासचे किस्से साचलेत. इंग्रजी किती आलं ते मात्र विचारू नका!

नव्वदच्या दशकात सुरतेला, लिंबायतमध्ये देवरे सर संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घ्यायचे. आम्ही सगळे खानदेशातले, पॉवरलूमवर राबणारे. त्यातल्या भगवानचे कान खडखडाटानं जायला लागले होते. त्याला माग सोडून मार्केटात साड्या दाखवायची नोकरी हवी होती. तिथे परप्रांतातले व्यापारी येत, म्हणून तो हात धुऊन इंग्रजीच्या मागे लागला.

*

सरांनी शिकवलं, “‘एव्हरीडे’ जोडून लिहिलं की रोजच्या वापरातलं.” पुढच्या आठवड्यात शिकवलं, “‘एव्हरी डे’ तोडून लिहिलं की दररोज.” मध्ये आमच्या मागावरच्या पाळ्या बदलल्या! पहिल्या आठवड्याचे कामावर, उरलेले क्लासात. अर्ध्यांना फक्त जोडलेलं येई, अर्ध्यांना फक्त तोडलेलं.

सर म्हणाले, “परीक्षेला जोडीनंच बसा!”

*

उदाहरण होतं ‘एव्हरीडे शर्ट’. सुनील उठला. “सर, माझा शर्ट एकच. रोजचा तोच, लग्नाचाही तोच. जोडायचं की तोडायचं?”

“धुवायचं!”

*

सर म्हणाले, घरीही इंग्रजी बोला. भगवाननं ताटाकडे बघून बायकोला विचारलं, “एव्हरी डे भेंडी?”

रेखावहिनी शांतपणे म्हणाल्या, “नाव काहीबी ठेवा, भाजी तीच शे!”

*

शेवटी भगवानला मार्केटातून बोलावणं आलं. आमचाच जीव टांगणीला! मी सोबत गेलो.

सेठनं नाव विचारलं. भगवानला मागाशेजारी बोलायची सवय. तो गरजला, “गुड मॉर्निंग सर! माय नेम इज भगवान!”

सेठनं कानांवर हात ठेवले. “धीमे, भाई! घराक भागी जशे!” आणि गिऱ्हाईक पळायच्या आधी त्यानं आम्हालाच पळवलं.

भगवान पायऱ्या उतरायला लागला. चेहरा एवढासा झालेला. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात भगवानची ती गर्जना ऐकलेला समोरच्या दुकानातला सेठ धावत आला. त्याच्याकडे मद्रासचा व्यापारी सकाळपासून बसलेला. त्याला ना गुजराती येत होतं, ना हिंदी.

“ओ इंग्लिशवाले भाई! अभी आओ. और कल भी आओगे?”

भगवाननं छाती फुगवली. अख्ख्या मजल्यानं ऐकलं.

“एव्हरी डे!”