शेऱ्याचा रकाना

शेऱ्याचा रकाना मी काढून टाकला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता आणि मला भूक लागली होती. रकाना निवडला, डिलीट दाबलं, डबा उघडला. वांग्याची भाजी होती.

अमरावतीत फवारणीचे पंप विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात मी काम करते. केस काळे होते तेव्हापासून तिथेच आहे. आमची वर्कशॉप दोन, एक अमरावतीला आणि एक अकोल्याला. बिघडलेला पंप आला की सिस्टीममध्ये जॉबकार्ड उघडतात, काम झालं की बंद करतात. कार्ड उघडल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, यंत्राचा नंबर, गिऱ्हाइकाचा मोबाइल, गाव, आणि शेवटी शेरा. वर्षानुवर्षं ही कार्डं साठत गेली होती आणि कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

मग साहेबांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. आकडे दिले की ते रंगीत पट्ट्या काढून दाखवतं. पण सिस्टीममधून निघालेली माहिती त्याला तशीच चालत नाही. आधी निवडावी लागते, आणि ते काम माझ्याकडे आलं. काही तारखांमध्ये दिवस आधी होता, काहींमध्ये महिना. मूर्तिजापूर सहा तऱ्हांनी लिहिलेलं होतं. धामणगाव रेल्वेमधलं ‘रेल्वे’ कुणीतरी गाळलं होतं, त्यामुळे ते गाव भलत्याच धामणगावात जाऊन बसलं होतं. तिवश्याच्या एका गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर म्हणजे ओळीने नुसते नऊ होते. हे सगळं मी सरळ केलं. शेऱ्यात प्रत्येकाने वाटेल ते लिहिलेलं असतं, आणि मजकुराची पट्टी निघत नाही. म्हणून तो रकाना गेला.

जेवण झाल्यावर मी बंद केल्याच्या तारखेतून उघडल्याची तारीख वजा केली. अमरावतीची पट्टी आली दोन दिवसांची, हिरवी. अकोल्याची अकरा दिवसांची, लाल.

साहेब पडद्याकडे बराच वेळ बघत होते.

“अकरा दिवस? चाचा पंप दुरुस्त करतात की वाढवतात?”

आकडे माझे होते.

“अकोला बंद करून टाकू. पंप गाडीने इकडे आणू. महिनाअखेरीच्या बैठकीत ठरवू. तोवर तुम्ही तिकडे जाऊन सुट्या भागांची यादी जुळवून या.”

चाचा म्हणजे अकोल्याचे मुख्य मिस्त्री. साठीला आलेले. त्यांच्या हाताखाली पाच कारागीर, सगळे घरसंसार असलेले. वर्कशॉप बंद झालं की सहाही जण घरी, हे साहेबांनी बोलून दाखवलं नाही, पण त्याचा दुसरा अर्थ नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते वर्ष माझं तसंच गेलं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

बडनेऱ्याहून गाडीत बसले, मूर्तिजापूरला चहा घेतला, अकोल्याला उतरले. चाचा वर्कशॉपच्या दारातच उभे होते. बातमी माझ्याआधी पोचली होती.

“या ताई, या. कुलूप सोबत आणलं, का इथूनच घेता?”

“यादी तपासायला आले, चाचा.”

“तपासा ना. कुलपाचीबी हाय यादीत एक जोडी.”

आतले कारागीर हसले. मी यादी काढली. नोझल, वायसर, बॅटऱ्या, पट्टे. मागच्या भिंतीला लांब फळी होती आणि तिच्यावर ओळीने पंप ठेवलेले होते. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. मी मोजले, चौदा निघाले.

“एवढे बिघडलेले पडून आहेत?” मी विचारलं.

“बिघडलेले कायले? तयार हायेत सारे.”

“मग कार्डं उघडी का?”

“पंपाचा धनी कुठं आला अजून?” चाचांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

तेवढ्यात मूर्तिजापूरकडचं एक जोडपं आलं. बाजाराचा दिवस होता. नवऱ्याच्या हातात पिशव्या होत्या, बाई मोकळ्या हाताने सरळ फळीपाशी गेली आणि आपला पंप ओळखून काढला.

“मागच्या खेपेले यानं अमरावतीले नेला होता,” ती मला म्हणाली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. “तिथले म्हने झाला, घेऊन जा. वावरात नेला तं नुसता गुनगुन करे. पानी फेकाचं नावच नाई.”

“मले काय मालूम होतं?” नवरा म्हणाला.

“तुमाले चालवून पाहाले कोनाची मनाई होती? पाठ दुखत होती का?”

“आता भांडशील का घेशील पाठीवर?”

चाचांनी टाकीत साधं पाणी भरलं. बाईने पट्टे खांद्यावर चढवले आणि अंगणातल्या कडुलिंबावर फवारा मारला. खालपासून वर, मग पुन्हा खाली. तो लिंब मी तेव्हा नीट पाहिला. पानावर धूळ म्हणून नव्हती. सगळ्या अकोल्यात दुसरा एवढा धुतलेला लिंब नसेल.

“चालला,” बाई म्हणाली.

तेव्हा चाचा आत गेले, संगणकासमोर बसले आणि एका बोटाने ते कार्ड बंद केलं.

“धन्यानं आपल्या हातानं चालवून चालला म्हनल्याबिगर काम झालं म्हनाचं नाई,” ते म्हणाले. “माह्या उस्तादची रीत हाय. म्या चालवला तं मले चालला. वावरात मी जातो का?”

खेड्यावरची माणसं पंप काळी-पिवळी जीपवाल्याच्या हाती पाठवून देतात आणि स्वतः बाजाराच्या दिवशी किंवा सवडीने येतात. तोवर कार्ड उघडं राहतं. अमरावतीत पाना खाली ठेवला की कार्ड बंद होतं.

“पण पंप तयार कधी झाला ते कसं कळायचं?”

“शेऱ्यात लिवतो ना दररोज. तयार, तारीख, धनी बाकी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी वाचत नाई का ताई?”

“वाचते,” मी म्हटलं.

परत आल्यावर मी सिस्टीममधून सगळी माहिती पुन्हा काढली. तिथे शेरा जागेवर होता. चाचा ‘तयार’ लिहीत, दुसरा कुणी ‘तय्यार’, तिसरा ‘रेडी’, एकजण नुसतं ‘ओके’. त्यातून तारखा वेगळ्या काढायला दोन दिवस गेले. त्यांचा नवा रकाना केला. मग यंत्राच्या नंबरावरून कार्डं एकमेकांशी लावली, म्हणजे एकच पंप पंधरा दिवसांत पुन्हा आला असेल तर सापडेल. अमरावतीचे पुष्कळ सापडले. त्या बाईचाही होता. अमरावतीला बंद झालेलं कार्ड आणि नवव्या दिवशी त्याच नंबराचं अकोल्याला उघडलेलं. अकोल्याचे परत आलेले पंप जवळपास नव्हतेच. आणि अकोल्याची पट्टी दोन दिवसांवर आली.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी ते साहेबांना दाखवलं.

“मग आधी का नाही दाखवलं?”

“शेऱ्याचा रकाना काढून टाकला होता.”

“कुणी?”

“मी.”

ते पेन्सिलने टेबलावर टकटक करत राहिले. मग म्हणाले, “ठीक आहे. अकोला राहू द्या. पण दोन्हीकडे पद्धत एकच हवी. काम झालं त्या दिवशी कार्ड बंद. धनी येवो न येवो. शेऱ्याचा रकाना सिस्टीममधूनच काढायला सांगतो, म्हणजे घोळच नको. चाचांना कळवा. पुढच्या तिमाहीत पट्टी लाल दिसली तर मग माझाही इलाज नाही.”

“आणि परत येणारे पंप?”

“ते नंतर बघू.”

मी चाचांना फोन केला आणि सगळं सांगितलं, साहेबांच्याच शब्दांत. मागे कुणीतरी टाकीत पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता.

“म्हंजे चालला का नाई ते न पाहता लिवाचं?” चाचांनी विचारलं.

“काम झालं एवढंच लिहायचं.”

“अन् नाई लिवलं तं?”

“तर बंद.”

“पाच जनं हायेत माह्यासंगं,” ते म्हणाले. मग, “बरं.”

शेरा पुढच्या सोमवारी सिस्टीममधून गेला. अकोल्याची पट्टी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. दर महिन्याला चाचांचा फोन येई. नमस्कार-चमत्कार नाही, एकच प्रश्न.

“लाल तं नाई ना?”

“नाही. हिरवी आहे.”

“मंग झालं.”

परत आलेल्या पंपांचा तक्ता मी दर महिन्याला काढते. मला तो कुणी सांगितलेला नाही. साहेबांना पाठवते. ते उघडत नाहीत, उघडला की मला कळतं. मला राग येत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा काढते.

तिमाही संपल्यावर यादीसाठी पुन्हा अकोल्याला गेले. सिस्टीमप्रमाणे तिथे एकही काम बाकी नव्हतं. फळीवर सतरा पंप होते. चिठ्ठ्यांवर पेन्सिलने लिहिलेलं, तयार, तारीख, धनी बाकी. अंगणात एक म्हातारा पाठीवर पंप घेऊन लिंबाला पाणी मारत होता आणि चाचा बाजूला उभे राहून त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

मला पाहून ते चपापले. “आत बंद केलं हाय ताई कार्ड. परवाच केलं.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

“चालला,” म्हातारा म्हणाला.

चाचांनी चिठ्ठी सोडवली आणि खिशात घातली. मी नोझल मोजायला घेतले.