फुटाला इंच

समईचा वरचा भाग चिंचेनं घासून लख्ख झाला होता, बैठक अजून काळीच होती, तेवढ्यात पावायीअक्का मागच्या दारानं आत आली. घट बसायला चार दिवस उरले होते. देवाची भांडी अर्धी ओट्यावर, अर्धी मोरीत, अशी माझी त्रेधा. अक्काच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते तिनं तान्हं मूल धरावं तसं धरलं होतं.

"शालन, आधी हात धू. मग हे बघ."

टॉवेल बाजूला केला तर आत लॉरी. पुढची केबिन आणि मागचा हौदा, दोन्ही मिळून हातभराहून थोडी लांब. हौद्याच्या बाजूंना नखाएवढ्या रुंद पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये वारा जायला फट. मागे फाळका, फाळक्याला बिजागऱ्या, कडी, कडीला साखळी. मी कडी काढली तर फाळका खाली येऊन टक्कन वाजला, अगदी मोठ्या गाडीसारखा.

"आणि चाकं?"

"तेच तर!" अक्कानं कपाळाला हात लावला. "तीन महिने हौदा बांधत बसलेत. काल विचारलं, अहो, चाकं कुठायत? तर मला म्हणतात, चॅसी आपण करत नाही. चॅसी कंपनीतून येते."

आम्ही दोघी हसून हसून ओट्याला टेकलो. पण अक्काचं हसू आधी थांबलं. "नवमीला गौंडर बघणार आहेत, शालन. विटांवर ठेवलेली लॉरी दाखवायची का त्यांना?"

सेंगोडन आसारी म्हणजे अक्काचे यजमान, आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी; आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. लग्न होऊन मी विट्याहून इकडे तामिळनाडूत, तिरुचेंगोडला आले, माझ्या यजमानांचं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान इथलं, त्याला आता बावीस वर्षं झाली. अण्णा त्याच्याही आधीपासून रासप्पा गौंडरांच्या कारखान्यात लॉऱ्यांच्या बॉड्या बांधत होते. कंपनीतून नुसता चाकांवरचा सांगाडा, म्हणजे चॅसी, येतो. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून तो चालवत आणतो आणि आसारी, म्हणजे सुतार लोक, त्यावर केबिन नि हौदा उभा करतात. अण्णांचं नाव होतं ते अंड्यांच्या गाड्यांसाठी. नामक्कलची अंडी केरळात पोचेपर्यंत फुटू नयेत म्हणून गाडीवाले हटून बसायचे, बॉडी सेंगोडननंच बांधली पाहिजे. नकाशा नाही, कागद नाही. एक लाकडी पट्टी आणि तिच्यावर त्यांनीच पाडलेल्या खाचा, एवढ्यावर अडतीस वर्षं काम.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात सुधारला नाही. गौंडर मनानं वाईट नाहीत. त्यांनी अण्णांना फाटकाजवळ स्टूल दिलं, राखणदारीचं काम दिलं. पण इथं नवमीला आयुधपूजा असते. कारखान्यात ज्यानं त्यानं आपापली हत्यारं धुऊन, चंदन-कुंकू लावून पाटावर मांडायची. ज्याची हत्यारं पाटावर, तो कारागीर. गेल्या वर्षी अण्णांना चुरमुऱ्या-फुटाण्यांची पुडी फाटकावरच मिळाली. ती त्यांनी घरी आणून कोनाड्यात ठेवली. कुणी उघडली नाही. त्या तारखेला माझ्या रोजनिशीच्या वहीत एकच ओळ आहे: अण्णा आज जेवले नाहीत.

यंदा आषाढात त्यांनी गौंडरांना गाठून सांगितलं, "मालक, डावा हात तयार झालाय. मला आत घ्या."

गौंडरांनी टाळायचं म्हणूनच म्हटलं असावं, "आसारी, एक गाडी बांधून दाखवा. फुटाला इंच. आमच्या अंड्यांच्या गाडीसारखी हुबेहूब. नुसती शोभेची नको, माल भरून पळाली पाहिजे. पळाली, तर नवमीला तुमची पटाशी पाटावर."

त्या दिवसापासून अण्णा फाटकावरून आले की अंगणात बसायचे. सागाचे तुकडे, खिळ्यांऐवजी टाचण्या, बिजागऱ्यांना पत्र्याच्या डब्याचं झाकण. डाव्या हातात पटाशी. उजवा हात त्यांनी वजन म्हणून कामाला लावला होता: उचलून फळीवर ठेवायचा, फळी हलत नाही. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना मी बघायची. पहिले काही दिवस पट्ट्या वाकड्या निघत, ते त्या चुलीत टाकत. अक्का म्हणायची, "चांगलंय, सरपणाची चिंता मिटली." मग एकेक पट्टी सरळ येऊ लागली. पट्ट्यांमधली एक फट दुसरीपेक्षा केसभरही जास्त नाही. सगळं झालं, आणि लॉरी दोन विटांवर चढवून अण्णा वाट बघत बसले. अडतीस वर्षांत चॅसी कधी त्यांनी केलीच नव्हती. ती आपोआप दारात येत असे. गौंडर 'गाडी' म्हणाले आणि त्यांनी हौदाच ऐकला. इथल्या कुठल्याही आसारीनं हेच केलं असतं.

मी समई तशीच ठेवली आणि दुकानातून यजमानांना बोलावून घेतलं. सोन्याचा डाग देणारा माणूस, लोखंडाला नाही का देता येणार? त्यांनी मोडक्या छत्रीची दांडी कापून चाकांचे दोन आस केले. जुन्या चपलेच्या रबराची सहा चाकं अण्णांनी कातली, मागे दोन-दोन, पुढे एकेक. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी करवतीची जुनी पाती मोडून लांबीनं उतरत जाणारे तुकडे केले, एकावर एक सात. यजमानांनी फुंकणीनं ज्योत धरून सगळे सांधे पक्के केले. घट बसले त्या दिवशी चॅसी उभी राहिली.

"आली बाई कंपनीची गाडी!" अक्का म्हणाली. "ड्रायव्हरला पंचा देऊ का?"

सहाव्या माळेला आमच्या दारापुढच्या उतारावर पहिली चाचणी. कोंबडीची मोठी अंडी हौद्यात नीट बसेनात, म्हणून लावा पक्ष्याची बारकी आणली, तीस, पुठ्ठ्याच्या खाचांमध्ये. उताराच्या मध्ये स्पीडब्रेकर म्हणून दोरखंड टाकला. अण्णांनी गाडी सोडली. ती दोरखंडावरून अशी उडाली की केबिन एकीकडे बघत होती आणि हौदा दुसरीकडे. अकरा अंडी फुटली.

फाळक्यातून पिवळं गळत होतं. अक्का म्हणाली, "नवरात्रात अंडी! शालन, तू बघू नकोस, पाप लागेल."

अण्णा हसले नाहीत. पायरीवर बसून ते बराच वेळ चाकांकडे बघत राहिले. मग माझ्या यजमानांना विचारलं, "सेठ, स्पीडब्रेकरवर रिकामी लॉरी जास्त उडते की भरलेली?"

"रिकामी."

"पाटे मी दहा टनांचे बसवले," अण्णा म्हणाले, "आणि माल पाव किलोचा. गाडी बिचारी रिकामीच आहे." आणि तिथंच त्यांनी गाडी उलटी करून डाव्या हातानं पाटे सोडवायला घेतले. सातातले चार काढून टाकले. उरलेले तीन तापवून पुन्हा वाकवले. सातवी माळ, तीन अंडी फुटली. आठवी माळ, एकही नाही. पुन्हा सोडली, पुन्हा नाही. मी देवीपुढे जास्तीचं एक निरांजन लावलं.

नवमीला आम्ही सगळे कारखान्यात. केळीचे खांब, कोहळा, पाटावर ओळीनं रंधे, पटाश्या, गुण्या. गौंडरांनी चष्मा लावला, गाडी हातात घेतली, टेप लावून मोजली. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही. मालकच ते, काहीतरी काढल्याशिवाय कसे राहतील?

"आसारी, बाजूची फट जास्त ठेवलीत."

"मालक," अण्णा म्हणाले, "फट कमी केली तर केरळच्या हद्दीवर, वाळयारच्या नाक्यावर उन्हात अंडी उबतील. पालक्काडला फाळका उघडला की पिल्लंच उतरतील."

सगळे कारागीर खो-खो हसले. गौंडरही हसले, पण लगेच म्हणाले, "पळवा."

चॅसी वर चढवायचा उतार, मध्ये जाडा दोरखंड. तीस अंडी भरली. अण्णा गाडी सोडणार, तोच अक्का पुढे आली. "थांबा! नवी गाडी लिंबावरून गेल्याशिवाय सुटते होय?"

"चाक तीन इंचांचं," गौंडर म्हणाले. "लिंबावर चढणार कसं?"

अक्कानं पदराची गाठ सोडली. आत हिरवी द्राक्षं. "फुटाला इंच," ती म्हणाली, आणि चाकांपुढे एकेक ठेवून दिलं.

गाडी द्राक्षं चिरडत सुटली. दोरखंडावर पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. हौदा नुसता मान डोलावल्यासारखा हलला. खाली भिंतीपाशी पोत्याला टेकून उभी राहिली. गौंडर स्वतः चालत गेले, कडी काढली, फाळका टक्कन पडला. एकेक अंडं उचलून त्यांनी उजेडात धरलं. आम्ही मनातल्या मनात मोजत होतो. तिसावं त्यांनी अण्णांच्या डाव्या हातावर ठेवलं.

"शाबूत," गौंडर म्हणाले. मग पाटाकडे बघून ओरडले, "अरे, सरका जरा! आसारींच्या पटाशीला जागा करा."

अण्णांनी कमरेचा पंचा सोडला. पटाशी त्यातच होती, धुतलेली, चंदन लावलेली. घरूनच आणली होती. त्यांनी ती सगळ्यांच्या मध्ये ठेवली, लॉरी तिच्या शेजारी. कोहळा फुटला, कापूर लागला, चुरमुऱ्यांची पुडी ह्या वेळी पाटासमोर बसूनच अण्णांना मिळाली. तिथंच उघडून त्यांनी पहिली मूठ अक्काला दिली.

"गेल्या वर्षीची अजून कोनाड्यात आहे," अक्का म्हणाली. "ती आता कावळ्यांना घालते."

उद्या दसरा. इथं दसऱ्याला हत्यारं पाटावरून उचलून कामाला लागतात. कारखान्यात एक नवा सांगाडा आलाय, त्याच्या हौद्याची तळफळी अण्णांनी बघायची आहे. म्हणून सकाळी पूजा झाली की आठच्या बसनं ते संकगिरीच्या वखारीत लाकूड निवडायला जाणार आहेत.